ठिबक, पवनचक्की आणि पऱ्हाटी

[रावेर तालुका. सकाळची वेळ, केळीची बाग. ठिबकच्या नळीचं टोक उघडणारे हात.]

हे पाणी बघा. आधी पांढरट, मग गढूळ, मग हळूहळू निवळ. अधूनमधून नळीचं तोंड सोडून असं पाणी वाहू द्यावं लागतं, नाहीतर ड्रिपर बुजतात. इकडच्या बोअरच्या पाण्यात क्षारच इतके, की नुसतं वाहू देऊनही भागत नाही. मग नळ्यांमधून आम्ल सोडायचं. किती सोडायचं, किती वेळ मुरू द्यायचं, पिकाला झळ न लागता कसं धुऊन काढायचं, हे या सालदाराला कुणाला विचारावं लागत नाही.

इस्रायलच्या नेगेव वाळवंटात हातझेरिम नावाची सामुदायिक वसाहत आहे. 1965 साली तिथं ठिबकच्या नळ्या बनवायचा धंदा सुरू झाला. तिथलं तंत्र आज रावेरच्या सालदाराच्या बोटांत आहे.

[जागतिक परिषदेची जुनी दृश्यं.]

कमी कार्बनचं तंत्रज्ञान गरीब देशांपर्यंत पोचवायला मदत करू, असं श्रीमंत देशांनी 1992 च्या हवामान करारात लिहून दिलं. 2015 च्या पॅरिस करारात त्यासाठी अख्खं दहावं कलम आहे. कागदाला नावं ठेवायची नाहीत. पण ‘तंत्रज्ञान आलं’ म्हणजे नक्की काय आलं, हे बघायला खानदेशासारखी जागा नाही. इथं ते तीन वेळा आलं आणि तिन्ही वेळा वेगळं वागलं.

[जळगाव. पाइपचा कारखाना, मग पुन्हा केळीची बाग.]

पहिलं ठिबक. जळगावला भवरलाल जैन यांच्या कारखान्यात आधी पीव्हीसी पाइप निघत होते, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ठिबकचं काम सुरू झालं. नळी जळगावातच तयार होऊ लागली, ही मोठी गोष्ट. उंदरानं कुरतडली तर जोडणी तालुक्याच्या दुकानात मिळायची. कंपनीचा कृषी पदवीधर बांधावर यायचा. सरकारी अनुदान होतं. त्यात उतिसंवर्धित, म्हणजे टिश्यू कल्चरच्या रोपांची, ग्रँड नैन जातीची केळी आली. आधीच्या बसराई जातीच्या कंदाला घड द्यायला दीड वर्षाच्या आसपास लागायचं, ही वर्षभरात काढणीला येऊ लागली. हातात पैसा खेळला, म्हणून शेतकऱ्यानं नळी अंथरली. कार्बन वाचवायचा म्हणून कुणी अंथरली नाही.

तरी तो वाचला. पाणी कमी उपसलं की पंप कमी चालतो, पंप कमी चालला की भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्रात तेवढा कोळसा कमी जळतो. युरिया मुळाशी थोडा थोडा गेला की वायाही कमी जातो. अर्थात वाचलेल्या पाण्यावर लोकांनी आणखी केळी लावली आणि रावेर-यावलचं भूजल खाली जायचं थांबलं नाही, हेही इथंच सांगून टाकलेलं बरं.

[साक्री तालुका, ब्राह्मणवेल. पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा.]

दुसरी पवनचक्की. तुळशी तांती यांनी 1995 मध्ये सुझलॉन काढली. सुरुवातीला सुडविंड या जर्मन कंपनीचं तंत्र घेतलं, मग नुसत्या परवान्यावर न थांबता युरोपात स्वतःची संशोधन केंद्रं उभारली, 2006 मध्ये गिअरबॉक्स बनवणारी बेल्जियमची कंपनीच विकत घेतली. देश म्हणून पाहिलं तर तंत्र हातात आलं. आणि साक्रीच्या?

या चक्क्यांचे मालक बहुतेक बाहेरचे. गुंतवणूकदाराला पहिल्याच वर्षी चक्कीच्या किमतीच्या 80 टक्के घसारा, म्हणजे झीज, हिशेबात दाखवून आयकर वाचवता यायचा, म्हणून ज्यांना मोठा कर भरावा लागत होता त्यांनी चक्क्या लावल्या. जमिनीवरून इथं आदिवासींची आंदोलनं झाली. गावातल्या पोरांना मिळाली ती राखणदारी आणि गवत काढायचं काम. पावसाळ्यात वारा सुटला की पाती गरगर फिरतात आणि खालून गाव बघतं. हा तंत्राचा दोष नाही, सौद्याचा आहे.

[साक्री, शिवाजीनगरचा सौर प्रकल्प. मग अमळनेर तालुक्यातलं एक वावर.]

तिसरं सौर. साक्रीतच 2013 मध्ये महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीचा 125 मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला, जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातून. अवर्षणाच्या तालुक्यात काचांवरची धूळ धुवायला पाणी लागतं, ही गंमत जाता जाता.

मला मात्र माझ्या मामांच्या वावरातला पंप दाखवायचाय. सरकारी योजनेतून, दहा टक्के रक्कम भरून घेतलेला. पहिल्या हंगामात मामा खूश होते. रात्री दोनला लाइट येणार म्हणून बॅटरी घेऊन, साप-विंचवातून विहिरीवर जायचं संपलं. सकाळी धोतराच्या सोग्यानं पॅनल पुसायचे आणि दिवसाउजेडी पाणी भरायचे. ऐन कापसाच्या बोंडांत कंट्रोलरवर लाल दिवा लागला. फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. अकरा दिवसांनी एक पोरगा मोटारसायकलवर आला. त्यानं पेटी उघडली नाही, कारण पेटी सीलबंद होती आणि ती उघडायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पुढच्या खेपेला दुसरी पेटी आणून बसवली आणि जुनी घेऊन गेला.

मामा म्हणाले, “माल नवा शे, पन मिस्तरी कोठे शे?”

तालुक्याला मोटर भरणारे दहा-बारा मिस्तरी आहेत. जळालेली मोटर ते चार तासांत तांब्याची तार गुंडाळून देतात. त्यांच्यातल्या दोघांना कंट्रोलरचं सर्किट शिकवलं असतं तर मामांचे अकरा दिवस वाचले असते. 2025 मध्ये देशाच्या एकूण वीज क्षमतेतली निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-गॅस न जाळणारी झाली, ठरवलेल्या 2030 च्या पाच वर्षं आधी. मोठीच मजल आहे. पण सौर पॅनलची वेफर, म्हणजे आतली सिलिकॉनची पातळ चकती, अजून बहुतांशी चीनमधून येते, आणि वावरातली पेटी उघडायला इकडे कुणी नाही.

[जानेवारी. कपाशीचं मोकळं वावर. उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग.]

आता चौथी संधी. वेचणी संपली की गुलाबी बोंडअळीचं चक्र तोडायला पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, वावरात उभी ठेवायची नाही, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. मग ती उपटायची. चुलीपुरती घरी न्यायची, बाकी बांधावर पेटवायची. इकडे औष्णिक केंद्रांनी कोळशात काही टक्के शेतातला काडीकचरा मिसळावा, असं केंद्राचं धोरण आहे. कोळशासाठी बनवलेल्या चक्कीत कच्ची काडी नीट दळली जात नाही, म्हणून ती हवेशिवाय भाजून ठिसूळ करतात आणि दाबून गोळ्या पाडतात. हे तंत्र बाहेर तयार आहे.

पण तिथली यंत्रं बनली ती जंगलातल्या लाकडासाठी. आपली पऱ्हाटी वेगळी. तिच्या सालीला चिवट धागा असतो, तो पात्यांना गुंडाळतो. मुळाला काळी माती चिकटलेली असते, ती पाती बोथट करते. आणि काडी इतकी फोफशी, की ट्रॉली भरली तरी वजन भरत नाही. भाडं देऊन लांब नेणं परवडत नाही, म्हणजे तिचा भुगा वावरातच व्हायला हवा. तसं यंत्र आपल्या मातीत राबवून, मोडून, पुन्हा जोडून बघणारा कुणी लागेल. वखर आणि ट्रॉल्या बनवणारी वेल्डिंगची दुकानं धुळ्या-जळगावच्या रस्त्यांवर कमी नाहीत. परदेशी कंपनीशी करार करताना पहिली अट हीच घालावी, की पात्यांचा नकाशा या दुकानांना द्यायचा. अनुदानाचं नंतर बघू.

[भुसावळजवळचं वावर, संध्याकाळ.]

या माणसानं सहा एकरांतली पऱ्हाटी बांधावर रचली आहे. काडेपेटी खिशात आहे. वारा पडायची वाट बघत तो ढिगाजवळ उकिडवा बसलाय. त्याच्या मागं, झाडांच्या वर, दीपनगरची चिमणी दिसते.