परातीतला सिंधुदुर्ग: छोट्यांसोबत दिवाळीचा जलदुर्ग

नमस्कार मंडळी!

दिवाळी जवळ आली की घराघरांत किल्ल्याची चौकशी सुरू होते. माती कुठून आणायची, विटा कोण देईल, गोणपाट आहे का घरात? आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा दरवर्षीचा प्रश्न, की अंगणच नाही तर किल्ला करायचा कुठे? त्यात पोर तीन-चार वर्षांचं असेल तर विषयच संपला. मग बाजारातून प्लास्टरचा रंगवलेला किल्ला येतो, पोर त्यावर चार मावळे मांडतं आणि दहा मिनिटांत कंटाळून निघून जातं. कंटाळणारच. त्याला करायला काही ठेवलंच नाही ना आपण!

तर आज डोंगरी किल्ला नाही. आज जलदुर्ग. मालवणचा सिंधुदुर्ग करायचा, आणि तोही परातीत.

(परात कॅमेऱ्यासमोर धरून)

ही बघा, दीड-दोन फुटांची परात. एक सूचना आत्ताच देते: स्वयंपाकघरातली रोजची परात उचलू नका. दिवाळीच्या तोंडावर तिला चकलीच्या भाजणीपासून चिवड्यापर्यंत सगळीकडून मागणी असते. जुनी, पोचा आलेली परात बघा, नाहीतर सरळ प्लास्टिकचं घमेलं आणा. बाल्कनीच्या कोपऱ्यात आरामात मावतं.

जलदुर्गच का, ते सांगते. डोंगरी किल्ला म्हणजे उंची, आणि उंची आली की ते काम मोठ्यांच्या हातात जातं. विटा रचा, गोणपाट चिखलात बुचकळून वर टाका, उतार सावरा. छोटं पोर बाजूला उभं राहून "मी करू? मी करू?" म्हणत राहतं. जलदुर्ग पसरट असतो. त्यात सगळी गंमत तटाची, आणि तट त्या पोराच्या हाताच्या उंचीवर. शिवाय पाणी! चिखल, पाणी आणि कोणी ओरडणार नाही याची खात्री, यापलीकडे तीन वर्षांच्या मुलाला काय हवं असतं?

आता मातीकडे येऊ, कारण अर्धा किल्ला तिथेच ठरतो. नर्सरीत लाल माती मिळते, ती चांगली. खत मिसळलेली कुंडीची तयार माती नको. ती नीट वळत नाही, आणि मुलांचे हात तासभर खतात असलेले मला तरी चालत नाहीत. माती आधी तुम्ही स्वतः चाळून घ्या. काचेचा तुकडा, खिळा, काहीही निघू शकतं. चाळताना मुलांना लांब बसवा.

देशावर, विदर्भ-मराठवाड्यात काळी माती सहज मिळते. तीही चालते, पण तिचा स्वभाव वेगळा. भिजली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून दुसऱ्या दिवशी तटाला भेगा पडतात. त्यावर उपाय जुनाच आहे. थोडी वाळू आणि बारीक कापलेलं सुकं गवत किंवा गव्हाचा भुसा मिसळायचा. काड्या मातीला धरून ठेवतात. गावाकडे मातीच्या भिंतीला चिखल करताना भुसा घालतात तो याचसाठी.

माती आदल्या रात्री भिजवा आणि सकाळी तुडवा. तुडवायचं काम मुलांचं, पायांनी, बाथरूममध्ये किंवा मोठ्या टबात. थालीपिठाच्या पिठापेक्षा थोडी घट्ट झाली की थांबा. गोळा करून बघा. हाताला न चिकटता आकार धरून राहिला, की माती तयार.

(परातीचा वरून शॉट)

परातीत मधोमध एक ताटली उपडी ठेवा. हे आपलं कुरटे बेट. मालवणच्या किनाऱ्यासमोरच्या याच बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. का, हे मुलं विचारणारच. सोप्या शब्दांत सांगा: समुद्रावर तेव्हा जंजिऱ्याचा सिद्दी होता, पोर्तुगीज होते, इंग्रज होते. जमिनीवर कितीही किल्ले असले तरी समुद्राचं दार उघडंच होतं. चार वर्षांच्या मुलाला "दार उघडं होतं" एवढं पुरतं.

ताटलीच्या कडेने चपटे दगड लावून घ्या आणि माती त्या दगडांच्या वर बसू द्या. माती थेट पाण्यात टेकली तर खालून विरघळते, आणि संध्याकाळपर्यंत बुरूज पाण्यात. खऱ्या किल्ल्याच्या पायात शिसं ओतलं होतं असं सांगतात. आपल्याला दगड पुरेत. दगड निवडायला मुलांना घेऊन खाली जा. त्यात अर्धा तास सहज जातो आणि खिशांत भलतंच काहीतरी भरून येतं. येऊ द्या. फक्त दोन वर्षांखालचं भावंड असेल तर बारीक खडे त्याच्या हाताला लागू देऊ नका, ते सरळ तोंडात जातात.

आता तट. इथे मात्र घाई करायची नाही.

मातीच्या गोळ्याची दोन तळहातांमध्ये लांब वळी करायची. छोट्यांच्या वळ्या एकीकडे जाड, एकीकडे बारीक होतील. मस्त! एकावर एक अशा दोन-तीन वळ्या बसवल्या की तट उभा राहतो. आणि तो गोल, सरळ करायचा नाही. सिंधुदुर्गाचा तट बेटाच्या कडेबरोबर वळत जातो, आत जातो, बाहेर येतो. मोठ्या मुलांना विचारा, असा नागमोडी का बांधला असेल? सरळ भिंतीच्या पायाशी शत्रू चिकटून उभा राहिला तर वरच्या शिपायाला तो दिसत नाही. खूप वाकावं लागतं, आणि वाकला की त्यालाच गोळी. पण भिंत वळली, मधेच बुरूज पुढे आला, तर बुरुजावरून बाजूच्या भिंतीचा पाया सरळ दिसतो. हे तोंडी सांगत बसू नका. एक मावळा बुरुजावर ठेवा, एक शत्रू भिंतीशी, आणि मुलाला डोळा मावळ्याच्या उंचीला आणून बघू दे. म्हणजे अशी वाकडीतिकडी वळी करणाऱ्या पोराचा तटच खऱ्याच्या जास्त जवळ जातो. बाबामंडळी, फूटपट्टी खाली ठेवा!

(हसून) हो, बाबामंडळींशी थोडं बोलायचंच आहे. सोसायटीत किल्ला स्पर्धा असते, फोटो ग्रुपवर जातात, सगळं मान्य. पण पोराने लावलेला बुरूज ते झोपल्यावर गुपचूप सरळ करू नका. सकाळी त्याला बरोबर कळतं. आणि एकदा कळलं, की तो किल्ला बाबांचा होतो.

माती ओली असतानाच पुढची दोन कामं. आइस्क्रीमची काडी घ्या आणि तटाच्या वरच्या कडेला अंतरा-अंतरावर दाबा. झाल्या चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दाते. मग उदबत्तीची जळून राहिलेली काडी घेऊन तटाला भोकं पाडायची. या जंग्या, आतून बाहेर बंदूक रोखायच्या फटी. काडी आतल्या बाजूने खाली तिरकी घाला, कारण शत्रू खाली असतो. भोकं पाडणं हे मुलांचं सगळ्यात आवडतं काम, त्यामुळे तटाची चाळणी होणार हे गृहीत धरा.

दरवाजा. सिंधुदुर्गाचा मुख्य दरवाजा होडीतून येताना चटकन दिसत नाही. तट वळवून तो आडोशाला ठेवलाय. आपणही तटाची दोन टोकं समोरासमोर न आणता एकमेकांना ओलांडून जाऊ द्यायची, मधे बोटभर वाट ठेवायची. मग घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला विचारायचं, "सांगा, दार कुठाय?" हा खेळ भाऊबीजेपर्यंत चालतो.

आता माझा सगळ्यात आवडता भाग: विहिरी. या किल्ल्यात तीन विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. नावं ऐकूनच मुलं खूश! बाटलीची तीन झाकणं मातीत रुतवा आणि औषधाच्या ड्रॉपरने पाणी भरायला सांगा. ड्रॉपर दाबायचा, सोडायचा, नेम धरायचा. लिहायला लागायच्या आधी बोटांना याहून चांगला सराव मी तरी पाहिलेला नाही.

चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोडं पाणी, हे कसं? पावसाचं पाणी बेटाच्या जमिनीत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून बेटांवर ते बहुधा खाऱ्याच्या वर साठून राहतं. सहा-सात वर्षांचं मूल असेल तर करून दाखवा. काचेच्या पेल्यात अर्धं पाणी घ्या, त्यात तीन-चार चमचे मीठ पूर्ण विरघळवा आणि हळद नाहीतर खायचा रंग टाका. मग चमचा पाण्याला टेकवून त्यावरून साधं पाणी अगदी हळू सोडा. खाली रंगीत, वर स्वच्छ, असे थर दिसतात. भसकन ओतलं तर सगळं मिसळतं, हे आधीच सांगते.

(हाताचा ठसा उमटवताना क्लोजअप)

एक वर्षाचं बाळ असेल घरात तर त्याच्यासाठीही काम आहे. सिंधुदुर्गावर चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे घुमटीत जपलेले आहेत, महाराजांचे म्हणून लोक त्यांचं दर्शन घेतात. आपण उरलेल्या मातीची जाड थापी करायची आणि घरातल्या सगळ्या मुलांचे पंजे त्यात उमटवून घ्यायचे. थापी सावलीत वाळवा. उन्हात ठेवलीत तर तडकते.

हिरवळीचं वेळापत्रक जपा. वसुबारसेला हिरवा किल्ला हवा असेल तर आधी पाच-सहा दिवस पेरणी झालीच पाहिजे. मोहरी उतारावरून घरंगळते. अळीव भिजलं की बुळबुळीत होतं आणि जिथे टाकाल तिथे चिकटून बसतं. म्हणून कडेला अळीव, मधल्या सपाट जागेवर मोहरी. पहिला दिवस ओलं फडकं झाकून ठेवा, नंतर दिवसातून दोनदा स्प्रेने पाणी. तांब्याने ओतायचं नाही! स्प्रेची बाटली मुलाच्या हातात दिलीत तर पाणी घालायची आठवण करावी लागत नाही, थांबवायची करावी लागते.

माती वाळली की मग समुद्र. परातीत दीड-दोन सेंटीमीटर पाणी पुरे. बुडवायला तारवं नाहीत आपल्याकडे, शेंगांची टरफलं आहेत. भुईमुगाची शेंग उभी सोलली की दोन होड्या. एका टरफलात चिमूटभर चिखल, त्यात काडी, काडीला कढीपत्त्याचं पान. झालं शिडाचं गलबत. फुंकर मारून मालवणच्या किनाऱ्याला न्यायचं.

इथे एक गोष्ट गंभीरपणे. पाणी उथळ असलं तरी अगदी छोटं मूल त्याच्याजवळ एकटं सोडायचं नाही. आणि पाणी रोज बदला, निदान दिवसाआड तरी. पाऊस नुकताच संपलेला असतो, डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात. विहिरींची झाकणंही उपडी करून पुसून घ्या. पणत्या परातीच्या बाहेर, मुलांच्या हातापासून लांब.

मावळे कुंभारवाड्यातून आणा, मातीचे. महाराजांची मूर्ती मधे, थोड्या उंचवट्यावर बसवा. आणि मग मुलं आपापली फौज आणतील. प्लास्टिकचा डायनासोर येईल, गाडी येईल, एखादी बाहुली बुरुजावर चढून बसेल. आजोबा म्हणतील, सिंधुदुर्गावर डायनासोर? माझं मत विचाराल तर राहू द्या त्याला. पहाऱ्याला आहे म्हणावं. महाराजांच्या शेजारी मात्र नको, तेवढी मर्यादा मुलांनाही समजते.

मोठी भावंडं असतील तर त्यांच्यासाठी एक पाटी. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले. त्यांत सिंधुदुर्ग आहे, आणि अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. ही बारा नावं शोधून पाटीवर लिहायची आणि परातीला टेकवून ठेवायची. अक्षर कसंही असो, तुम्ही गिरवून देऊ नका.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडायचा. तोही मुलांनीच. मूर्ती आणि मावळे आधी बाजूला काढून कागदात गुंडाळा. मग वरून तांब्या-तांब्याने पाणी ओतून बघू दे त्यांना तट कुठून ढासळतो ते. माती वाळवून पिशवीत भरून ठेवलीत तर पुढच्या वर्षी पुन्हा भिजते. पिशवीवर "किल्ल्याची माती" असं ठळक लिहा, नाहीतर साफसफाईत कोणीतरी कुंडीत ओतून मोकळं होतं.