कोणत्या डोळ्यानं बघता?

कोल्हापुरात हौशी छायाचित्रकारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी सगळ्यांनी एक करायचं आहे. दोन्ही हात समोर ताठ करा. तळवे एकमेकांवर असे ठेवा की अंगठ्यांच्या वर रुपयाएवढी फट राहील. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघा. आता डावा डोळा मिटा. घड्याळ दिसतंय? मग तुमचा उजवा डोळा प्रबळ. गायब झालं? मग डावा. खात्रीसाठी, डोळे न मिटता हात हळूहळू चेहऱ्याकडं आणा. फट आपोआप प्रबळ डोळ्यावरच येऊन थांबते.

यात दोन चुका होतात. फट मोठी ठेवली तर दोन्ही डोळ्यांना घड्याळ दिसतं आणि काहीच कळत नाही. आणि तुम्ही कडेला बसला असाल, मान न वळवता तिरकं बघत असाल, तर उत्तर फिरू शकतं, कारण नजर बाजूला गेली की त्या बाजूचा डोळा पुढाकार घेतो. म्हणून वस्तू नाकासमोर हवी, तीनेक मीटर लांब हवी, आणि चाचणी चार-पाचदा करायला हवी. काही जणांचं उत्तर दर वेळी बदलतं. त्यांच्यात प्राबल्य कमी असतं, त्यात बिघडलं काही नाही.

साधारण दोन तृतीयांश माणसं उजव्या डोळ्याची, बाकीची बहुतेक डाव्या. प्रबळ डोळा म्हणजे कमी नंबरचा डोळा, ही समजूत आधी काढून टाका. निशाणा धरताना मेंदू कोणत्या डोळ्याचं ऐकतो, एवढाच हा प्रश्न आहे. हाताशी याचा संबंध फार सैल आहे. उजव्या हाताचा कारभार मेंदूच्या डाव्या अर्ध्याकडं असतो, पण प्रत्येक डोळ्यातले धागे दोन्ही अर्ध्यांकडं वाटले जातात. म्हणून उजव्या हातानं जेवणारा, लिहिणारा माणूस डाव्या डोळ्याचा सहज असू शकतो.

आता माझी मुख्य तक्रार. कॅमेरा शिकवणारे सर्रास सांगतात, ‘डावा डोळा मीट, उजवा लाव.’ समोरच्याचा डोळा कोणता, हे कुणी विचारतच नाही. डाव्या डोळ्याचं पोर उजवा लावतं, चौकट तिरकी येते, क्षण हुकतो, आणि शेरा मिळतो की याला नजर नाही. हे मला अजिबात मान्य नाही.

कारखान्यानं कॅमेराही उजव्या डोळ्याचाच धरलेला असतो. मधोमध व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, असलेल्या कॅमेऱ्याला डावा डोळा लावला की नाक उजवीकडं, थेट मागच्या स्क्रीनवर येतं. स्क्रीन टचची असेल तर नाकानं फोकसचा चौकोन सरकतो, आणि लोक कॅमेरा दुरुस्तीला नेतात. त्याला दुरुस्ती नको असते. मेनूमध्ये ‘टच पॅड’ किंवा ‘टच अँड ड्रॅग’ असा पर्याय शोधा. टचसाठी स्क्रीनचा कोणता भाग चालू ठेवायचा ते बऱ्याच कॅमेऱ्यांत ठरवता येतं. नाक टेकत नाही तेवढाच कोपरा चालू ठेवा, नाहीतर व्ह्यूफाइंडर वापरताना टच बंदच करा. डावा डोळा लावून मागच्या बटणानं फोकस करणाऱ्यांचा अंगठा उजव्या डोळ्यापाशी अडतो. त्यांनी फोकस पुन्हा शटरच्या अर्ध्या दाबावर आणावा, नाहीतर ते काम पुढच्या एखाद्या बटणाला द्यावं.

उभी चौकट घेताना तर फरक फारच मोठा पडतो. उजवा हात वर ठेवून कॅमेरा उभा करायचा, असं सगळे शिकतात. उजव्या डोळ्याला ते ठीक आहे, नाक वरच्या पट्टीच्या बाजूला मोकळं राहतं. डाव्या डोळ्याचं नाक मात्र त्याच स्थितीत स्क्रीनवर चेपतं. त्यांनी उलटं फिरवावं, उजवा हात खाली. नाक मोकळं होतं, उजवा डोळा कॅमेऱ्याबाहेर येऊन समोरचं बघू शकतो, आणि कोपर छातीला टेकल्यामुळं हातही कमी हलतो. घरी जाऊन हे करून बघाच.

डाव्या कोपऱ्यात व्ह्यूफाइंडर असलेले कॅमेरे दिसायला देखणे. उजवा डोळा लावला की डावा बाहेर मोकळा राहतो, चौकटीत कोण शिरणार ते आधीच दिसतं. लायकाच्या 1954 सालच्या एम-3 मध्ये प्रतिमा 0.91 पट, म्हणजे जवळपास खरी दिसते, त्यामुळं दोन्ही डोळे उघडे ठेवून काम होतं. पण डाव्या डोळ्याच्या माणसाचा अख्खा चेहरा अशा कॅमेऱ्यामागं झाकला जातो. त्यानं मधल्या व्ह्यूफाइंडरचाच कॅमेरा घ्यावा. दुकानात सेन्सर किती मेगापिक्सलचा ते सगळे विचारतात. डोळा लावून नाक कुठं येतं, तेही बघा.

चष्मेवाल्यांनी आणखी एक आकडा बघायचा, आय-पॉइंट. चारही कोपरे दिसण्यासाठी डोळा काचेपासून जास्तीत जास्त किती लांब चालतो, ते हा आकडा मिलिमीटरमध्ये सांगतो. वीसच्या पुढं असेल तर चष्म्यासकट निभावतं. निकॉनच्या एफ-3 एचपीला हा 25 होता, चष्मेवाले त्याच्यावर जीव टाकायचे. आयकप, म्हणजे व्ह्यूफाइंडरभोवतीची कड, चष्म्याला घासत असेल तर? ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला, त्या गावानं कारखान्यापुढं हात टेकू नयेत. उद्यमनगरात लेथवर पातळ रिंग काढून मिळेल, तिला मऊ रबर लावा.

व्ह्यूफाइंडर तुमच्या नंबराला जुळवणारी शेजारची बारीक चकती म्हणजे डायोप्टर. ती जुळवताना समोरच्या दृश्याकडं बघू नका. लेन्सवर टोपण लावा, आतल्या आकड्यांकडं बघा. चकती अधिकच्या टोकापर्यंत फिरवा म्हणजे सगळं धूसर होईल, मग हळूहळू उलटी आणा, आणि आकडे पहिल्यांदा स्वच्छ दिसतील तिथं थांबा. पुढं गेलात तर डोळा ताण देऊन जुळवून घेतो आणि तासाभरात कपाळ दुखतं. चष्म्यात सिलिंडर नंबर असेल तर डायोप्टर तो भरून काढत नाही, चष्मा लावूनच बघायला हवं. आणि ऑटोफोकसचा डायोप्टरशी काही संबंध नाही. फोटो धूसर आला तर कारण दुसरीकडं शोधा.

नेमबाजीबद्दल बोललंच पाहिजे, कारण तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे ही नावं या मातीतली. रायफलीचा दस्ता गालाला चिकटतो, त्यामुळं निशाणा त्याच बाजूच्या डोळ्यासमोर येतो. उजवा खांदा आणि डावा डोळा अशी जोडी असेल तर लहानपणीच खांदा बदलणं उत्तम. नाहीतर डाव्या डोळ्यासमोर झाकण लावायचं, पण ते पांढरट, प्रकाश आत येऊ देणारं. काळं लावलं किंवा डोळा मिटला तर दुसऱ्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि दृश्य मऊ पडतं, शिवाय चेहऱ्याचे स्नायू थकतात. पिस्तूल हातभर पुढं असतं, तिथं मान जराशी वळवली की भागतं.

आणि क्रिकेटमधले मन्सूर अली खान पतौडी! 1 जुलै 1961 ला होव्हजवळ मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. जगमधलं पाणी पेल्याबाहेर पडायचं, कारण अंतर कळायला दोन डोळे लागतात. त्याच डिसेंबरात हा माणूस दिल्लीत पहिली कसोटी खेळला, जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध 103 काढले, आणि एकविसाव्या वर्षी कप्तान झाला. दोन चेंडू दिसायचे, म्हणून टोपी उजव्या डोळ्यावर ओढायची. सगळ्या 46 कसोट्या अपघातानंतरच्या. मेंदू अंतरासाठी दुसऱ्या खुणा शिकतो: वस्तू किती भरभर मोठी होते, काय कशाला झाकतं, सावली कुठं पडते. कॅमेराही एकडोळ्याच आहे. पन्हाळ्यावर दरी दोन डोळ्यांना खोल दिसते आणि फोटोत सपाट येते, ती म्हणूनच. शटर दाबण्याआधी एक डोळा मिटून बघा. तरीही खोली जाणवली तरच फोटोत येईल.

वेळ संपत आलीय, संयोजक घड्याळ दाखवताहेत, आणि रंगांचं राहिलंच. भरभर सांगतो.

लाल-हिरव्यातला फरक कमी कळणारे पुरुष बायकांपेक्षा कितीतरी जास्त, कारण तो दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. त्यांनी रंग डोळ्यानं न ठरवता आकड्यांनी ठरवावा: ग्रे कार्डवरून, म्हणजे राखाडी पुठ्ठ्यावरून, व्हाइट बॅलन्स घ्यावा, आणि त्वचेवर लाल सर्वात जास्त, मग हिरवा, मग निळा हा क्रम तपासावा. फोकस पीकिंग, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय, तिचा रंग पिवळा किंवा निळा ठेवा. जोतिबाच्या यात्रेत गुलालावर लाल पीकिंग कुणालाच दिसणार नाही. गुलालात साधा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, ठीक दिसतो आणि लाल चॅनल मात्र जळालेला असतो, म्हणून तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावा, उघडीप (एक्स्पोजर) पाऊण-एक स्टॉप कमी करा.

दुर्बिणीत आधी उजवी बाजू झाकून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याचं जुळवा, मग डावी झाकून फक्त उजवीकडची रिंग फिरवा. कळंब्याच्या तलावावर डोकं धरत असेल तर बहुधा ही रिंगच कुणीतरी हलवलेली असते.

मोतीबिंदूत भिंग पिवळं होत जातं. ते इतकं हळू होतं की कळत नाही, आणि संपादन करताना माणूस फोटो नकळत निळे करत जातो. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर दोन डोळ्यांना दोन पांढरे दिसतात, त्या काळात रंगांचं अंतिम काम करू नका. आणि डॉक्टर एक डोळा लांबचा, एक जवळचा करू म्हणाले, तर कॅमेऱ्याला कोणता डोळा लावता ते आधी सांगा. सहसा प्रबळ डोळा लांबचा करतात, पण तुम्ही कॅमेऱ्यामागं काय करता हे त्यांना कळणार कसं? भिंग बसल्यावर सांगून उपयोग नाही.

प्रश्न असतील तर विचारा.