सिलॅबस: एका चुकलेल्या अक्षराची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

जून उजाडला की घराघरांत एकच प्रश्न ऐकू येतो, 'यंदा सिलॅबस बदललाय का गं?' मराठीत अभ्यासक्रम हा चांगला शब्द आहे, पण बोलताना तोंडात येतो तो सिलॅबसच. आज या शब्दाचं मूळ गाव तुम्हाला दाखवावंसं वाटतं.

इ.स.पूर्व ५६. इटलीच्या किनाऱ्यावरच्या अँटियममध्ये सिसेरो हा रोमन वक्ता आपला ग्रंथसंग्रह नव्याने लावून घेतो आहे. त्या काळची पुस्तकं म्हणजे पपायरसच्या गुंडाळ्या. सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या! आत काय आहे ते कळायला प्रत्येक वेळी गुंडाळी उलगडायची का? म्हणून तिच्या टोकाला चामड्याची छोटी पट्टी चिकटवत आणि तिच्यावर ग्रंथाचं नाव लिहीत. फडताळातल्या डाळींच्या डब्यांवर आई चिठ्ठ्या लावायची ना, तसंच. या पट्टीला ग्रीकमध्ये 'सिट्टीबा' म्हणत. सिसेरोने आपल्या मित्राला, अॅटिकसला पत्र लिहिलं, की चिकटवायच्या कामाला तुझी दोन माणसं पाठव, आणि पट्ट्यांसाठी थोडं चामडंही.

ही पत्रं पुढे विस्मृतीत गेली. १३४५मध्ये कवी पेट्रार्कला ती व्हेरोना इथे सापडली. हातांनी नकला होत होत १४७०च्या दशकात ती छापली गेली आणि तिथे 'सिट्टीबास'च्या जागी 'सिलॅबोस' उमटलं. 'टी'ची आडवी रेघ नजरेतून निसटली की तो 'एल'च वाटतो, आणि इथे तर दोन 'टी' शेजारी शेजारी! पुढच्या विद्वानांना हा शब्द 'एकत्र करणे' या ग्रीक क्रियापदावरून आला असावा असं वाटलं. सतराव्या शतकात तो इंग्रजीत यादी, अनुक्रमणिका या अर्थाने रुळला आणि मग शिकवायच्या विषयांची यादी झाला.

त्याचं 'सिलॅबाय' हे अनेकवचन लोक लॅटिन म्हणून मोठ्या ऐटीत वापरतात. पण जुन्या रोममध्ये कुणी ते उच्चारलंच नव्हतं.

मला मात्र राहून राहून ती पट्टीच आठवते. काम झाल्यावर सिसेरोने अॅटिकसला पुन्हा लिहिलं. तुझ्या माणसांनी कमाल केली, पट्ट्यांनी पुस्तकं उजळल्यापासून त्या फळ्यांइतकं देखणं काही नाही, आणि माझ्या घरात आता जणू जीव आला आहे.

नमस्कार.