फोटो काढला, अल्बम दिला. जीएसटी लागतो का?

नमस्कार मंडळी! हा बघा अल्बम. १२ बाय ३६, ४० पानं, वर रेक्झिनची बॅग. मी बसतो बेळगावात, शहापूरला. पार्टी चंदगडची, म्हणजे महाराष्ट्रातली. आता सांगा, मी यांना माल विकला की सेवा दिली?

उगाच नाही विचारत. यावर फोटोग्राफर आणि सेल्सटॅक्सवाले कितीतरी वर्षं भांडलेत. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, गिऱ्हाईक पैसे मोजतं ते कसबाचे, कागदाचे नव्हे, विक्रीकर नाही. १९८२ च्या ४६व्या घटनादुरुस्तीनं कंत्राटात वापरलेल्या मालावर कर लावायची वाट मोकळी झाली. आपल्या कर्नाटकानं फोटो-प्रिंटवर कर बसवला, तो हायकोर्टात उडाला, आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं कौल दिला कर्नाटकाच्या बाजूनं. एवढं सगळं होऊन १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, भांडणच मिटलं! आता पोर्ट्रेट असो, लग्न असो, फोटोग्राफी ही सेवा, दर १८ टक्के. त्याच ऑर्डरीतला अल्बमही त्यातच.

पण सगळ्यांना नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. शेजारचा दुकानदार ४० लाख सांगेल. ते माल विकणाऱ्यांचं. आणि उलाढाल म्हणजे नफा नव्हे हो! लग्नाची ऑर्डर दीड लाखाची, त्यातले ४० हजार ड्रोनवाल्याला, ३० हजार लॅबला, तरी हिशेबात दीड लाखच धरायचे. ‘हातात काय उरतंय की’ म्हणत आपली माणसं इथंच फसतात. जुलै २०२५ मध्ये यूपीआयची जमा बघून कर्नाटकात छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या, ते आठवत असेल.

आता बॉर्डर. निपाणीत विचारा, खानापुरात विचारा: ‘सीमा ओलांडली की पहिल्या रुपयापासून जीएसटी नंबर घ्यावा लागतो.’ मालाला घ्यावा लागतो. सेवेला ऑक्टोबर २०१७ पासून २० लाखांपर्यंत सूट आहे. शूट करून चंदगडला अल्बम दिला, चालतंय. नुसत्या रिकाम्या फ्रेमा तिकडं विकल्या, तर नाही.

नंबर घेतलेल्यांसाठी खरी गंमत पुढं आहे. लग्न कुठं लागलं ते बघायचं नाही, गिऱ्हाइकाचा पत्ता बघायचा. बेळगावातल्या वडगावच्या घरचं लग्न महाराष्ट्रातल्या गडहिंग्लजच्या कार्यालयात लागलं, तरी ९ टक्के केंद्राचे, ९ कर्नाटकाचे. गडहिंग्लजच्या माणसानं बेळगावात हॉल घेतला, तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी, सरळ १८. म्हणून बिलबुकात पत्त्याची ओळ मोकळी सोडायची आपली सवय मोडा.

५० लाखांपर्यंतच्या उलाढालीवर १८ ऐवजी सरसकट ६ टक्के भरायची ती कंपोझिशन स्कीम? ऐकायला गोड. पण तिच्यात राज्याबाहेरच्या गिऱ्हाइकाचं काम धरता येत नाही. निपाणीवाल्याची निम्मी गिऱ्हाइकं कागल-गडहिंग्लजची. त्याला ती काय कामाची?

हां, एक राहिलं. नंबर नसताना बिलावर जीएसटी लावून पैसे घ्यायला कायद्यानं मनाई आहे. मला छापखान्यातून न विचारता जीएसटीची ओळ टाकून दोन बिलबुकं आली होती. पडून आहेत, पाठकोऱ्या बाजूला शूटच्या तारखा लिहितो.