तान्ह्या पोळ्यातले नंदी आणि गावाचे म्हातारपण

(वर्धा जिल्ह्यातील एका गावाच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते, आणि सोयाबीनची सोंगणी तोंडावर आलेली असतानाही संध्याकाळ मोकळी ठेवून आलेल्या मायबहिणींनो आणि मित्रांनो,

गेल्या पंधरवड्यात आपल्याकडे तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लहान मुलांच्या लाकडी नंद्यांचा सण, झाला. मी याच तालुक्यात लहानाचा मोठा झालो. आमच्या वेळी मारुतीच्या पारासमोर तोरणाखाली आपला लाकडी नंदी लावायला जागा मिळावी म्हणून पोरांची रेटारेटी होत असे, आणि घरोघर पोरांना बोजाऱ्याचे पैसे वाटताना बायकांजवळची चिल्लर संपून जात असे. यंदा त्याच पारासमोर उभा राहून मी नंदी मोजले. ते वीसही भरले नाहीत, आणि त्यांतले काही नागपूर-पुण्याहून सणापुरत्या आजोळी आलेल्या लेकरांचे होते. मात्र पाराच्या कट्ट्यावर कौतुकाने बघत बसलेल्या म्हाताऱ्यांची संख्या चांगली भरघोस होती. आजच्या व्याख्यानाचा विषय मला त्या कट्ट्यावर सापडला.

जपानमधल्या शिकोकू बेटावर डोंगरात नागोरो नावाचे खेडे आहे. वृद्ध वडिलांच्या सेवेसाठी गावी परतलेल्या एका बाईने तिथे शेतासाठी एक बुजगावणे केले, आणि पुढे गावातले जे माणूस गेले किंवा गाव सोडून निघून गेले त्याच्या जागी ती एकेक बुजगावणे बसवू लागली. तिथली शाळा 2012 साली बंद झाली, कारण शिकायला मूलच उरले नाही. आज त्या शाळेच्या बाकांवर कापडी विद्यार्थी बसलेले आहेत. ही हकिकत जगभर नवलाईची म्हणून सांगितली जाते. मला मात्र ती वाचताना आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांचे पट आठवतात. महाराष्ट्रात 20 पेक्षा कमी पट असलेल्या शाळा 14 हजारांहून अधिक असल्याचे 2023 मध्ये समूह शाळांचा, म्हणजे लहान शाळा एकत्र करण्याचा, विषय निघाला तेव्हा सांगितले गेले होते.

आता आकड्यांकडे वळतो. एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी किती मुले होतील, या मापाला एकूण जननदर म्हणतात. तो 2.1 असेल तर एका पिढीची जागा पुढची पिढी नेमकी भरून काढते. आईबापांच्या जागी दोन, आणि वरचा अंश एवढ्यासाठी की मुलींपेक्षा मुलगे निसर्गतःच थोडे जास्त जन्मतात आणि काही मुली आई होण्याच्या वयापर्यंत पोचत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 1992-93 मध्ये भारताचा हा दर 3.4 होता, आणि 2019-21 मध्ये तो 2.0 वर आला. महाराष्ट्राने 2.1 ची रेषा 2005-06 च्या सुमारासच गाठली होती, आणि 2019-21 मध्ये आपला दर 1.7 होता. जपानचा दर 2024 मध्ये 1.15 होता, दक्षिण कोरियाचा त्याहूनही कमी, 0.75. जपानमध्ये 1973 साली जवळजवळ 21 लाख मुले जन्मली होती. 2024 साली ती 7 लाखांच्याही खाली गेली.

यावर कोणीही विचारील की दर एवढा खाली आला असेल, तर बसस्टँडवर, दवाखान्यात, नोकरीच्या रांगेत ही गर्दी कुठून येते? याचे उत्तर भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांकडे पाहिले की समजते. पाऊस कमी झाला म्हणून भरलेला तलाव त्याच महिन्यात आटत नाही. आधी साठलेले पाणी पाटातून बरेच दिवस वाहत राहते. पूर्वीच्या वाढत्या पिढ्यांत जन्मलेल्या मुली आज आई होण्याच्या वयात आहेत. त्यांना प्रत्येकी कमी मुले झाली तरी अशा आयाच संख्येने पुष्कळ असल्यामुळे लोकसंख्या काही दशके वाढतच राहते. जपानचा जननदर 1970 च्या दशकाच्या मध्यावर 2.1 च्या खाली गेला, पण तिथली लोकसंख्या प्रत्यक्ष घटू लागली ती 2008 नंतर. मधली तीस-पस्तीस वर्षे त्या देशाला तलाव भरलेलाच दिसत होता. तेच अंतर महाराष्ट्राला लावले तर आपण 2040 च्या आसपास येऊन पोचतो, म्हणजे आज अंगणवाडीत जाणारे मूल नोकरीला लागण्याच्या वयात असेल तेव्हा. शिवाय महाराष्ट्रात बाहेरून माणसे येतात हे खरे असले, तरी ती मुंबई-पुण्याला येतात, आपल्या शिवारात येत नाहीत.

खेड्याला तर एवढीही सवड मिळत नाही. तलावात येणारे पाणी कमी झालेले असतानाच इथे बांधालाही भगदाड पडलेले आहे. पोरगा बारावी झाला की नागपूर, पुणे, हैदराबाद. पोरगी लग्न होऊन जाते, आणि तिलाही आता शेतावरचे घर नको असते. 2001 ते 2011 या दशकात राज्याची लोकसंख्या 16 टक्क्यांनी वाढली, तेव्हा वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांची वाढ 5 टक्क्यांच्या आसपास होती, आणि कोकणात रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांची लोकसंख्या तर प्रत्यक्ष कमी झाली. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. 2027 ची जनगणना होईल तेव्हा विदर्भातल्या किती गावांचा आकडा खाली गेलेला दिसेल, याकडे माझे लक्ष लागलेले आहे.

जपानचे नाव घेऊन आपल्याकडे हल्ली एक उपाय वारंवार सुचवला जातो: लोकांनी जास्त मुले जन्माला घालावीत. तो मला मान्य नाही, आणि त्याचे कारण सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपली वाट जपानपेक्षा निराळी आहे. तिथे जन्म घटले ते मुख्यतः लग्ने उशिरा होऊ लागली किंवा होईनाशी झाली म्हणून. 1970 साली पन्नाशीपर्यंत अविवाहित राहिलेले जपानी पुरुष शंभरात दोनही नव्हते. 2020 साली ते 28 झाले. आपल्याकडे स्त्रिया जवळजवळ सगळ्या लग्न करतात, लवकर करतात, दोन मुले होतात आणि पंचविशीच्या आसपास ऑपरेशन होते. भारतातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 38 टक्के स्त्रियांचे हे ऑपरेशन झालेले आहे. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण 0.3 टक्के आहे. आपल्या राज्याचा जननदर खाली आणण्याचा सगळा भार अशा रीतीने बाईच्या शरीराने उचलला. तिने तो उचलला, कारण तिला पोरांना शिकवायचे होते, दोन एकरांचे आणखी तुकडे होऊ द्यायचे नव्हते, आणि झालेले मूल जगेल असा भरवसा तिला आला होता.

हा भरवसा सहजासहजी आलेला नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले, आणि तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाल्याचे 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच्या कितीतरी आधी, 1938 साली, संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत मांडला गेला तेव्हा त्यामागचे भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे होते; ते आजारी असल्यामुळे त्यांच्या सहकाऱ्याने ते वाचून दाखवले. एवढ्या पिढ्यांच्या कष्टाने बाईच्या हाती आलेला निर्णय आता म्हातारे वाढले म्हणून तिच्याकडून काढून घ्यायचा, हे मला अन्यायाचे वाटते. आणि त्याचा उपयोगही होत नाही. जपानने 1994 पासून पाळणाघरे, भत्ते, रजा अशा योजनांवर योजना आणल्या. जननदर चढला तो थोडासाच, आणि पुन्हा उतरला.

मात्र त्याच काळात आपण एक चूक केली, ती झाकून ठेवता येणार नाही. कुटुंब लहान केले, पण त्या लहान कुटुंबात मुलगा हवाच हा हट्ट सोडला नाही. 2011 च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या 1000 मुलग्यांमागे 855 मुली होत्या. जिथे मुली एवढ्या कमी जन्मतात तिथे पिढी भरून काढायला 2.1 पुरत नाही, 2.2 तरी लागतात. आणि ती मुले आता लग्नाच्या वयाला येत आहेत. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, ही तक्रार आज प्रत्येक गावात आहे. येत्या दहा वर्षांत ती वाढेल. जपानी खेड्यांनीही हे भोगले आहे. यामागाता प्रांतातल्या आसाही या गावाने 1985 साली आपल्या शेतकरी तरुणांसाठी फिलिपाइन्समधून वधू आणवल्या होत्या. आपल्याकडे दलाल गाठून परप्रांतातून बायको आणणारी घरे आता तुमच्याही ओळखीची असतील. त्या मुलींना आपण कोणत्या मानाने वागवतो, हा प्रश्न मी तुमच्यापुढे फार कळकळीने ठेवतो आहे.

जपानने केलेली एक गोष्ट मला आपल्यासाठी घेण्यासारखी वाटते. एप्रिल 2000 मध्ये त्यांनी वृद्धसेवेचा विमा सुरू केला. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने त्यात हप्ता भरायचा, जवळपास निम्मा खर्च करांतून करायचा, आणि अंथरुणाला खिळलेल्या किंवा आधाराशिवाय उठता न येणाऱ्या माणसाच्या घरी सेवा पोचवायची. सुनेच्या आणि लेकीच्या बिनपगारी कष्टांवर चाललेले काम सगळ्या समाजाने वाटून घ्यावे, हा त्यामागचा विचार होता. आपल्याकडे अजूनही म्हातारपणाची सोय म्हणजे मुलगा, आणि मुलगा म्हणजे प्रत्यक्षात सून. मुलगा हिंजवडीला, सूनही तिथेच नोकरीला, मग इथे पाय मोडलेल्या मायला उठवणार कोण? माझी आई शेवटची चार वर्षे गावी एकटी होती. आम्ही तिघे भावंडे दर रविवारी फोन करत होतो. तिच्या पाठीला जखमा झाल्या आहेत हे आम्हाला शेजारच्या काकूंनी कळवले, तेव्हा फार उशीर झाला होता. मी आयुष्यभर लोकसंख्येचे तक्ते शिकवले, आणि त्या तक्त्यांतल्या सगळ्यांत वरच्या वयाच्या ओळीत माझी आई आहे हे मला दिसले नाही.

जपान श्रीमंत झाला आणि मग म्हातारा झाला. आपण कापसाचा भाव हाती नसतानाच म्हातारे होत आहोत. त्यामुळे सरकारने उद्या तसला विमा काढला तरी तो गावापर्यंत यायला वेळ लागेल. पण काही गोष्टी गावाच्या हातात आहेत. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 रुपये मिळतात, पण ज्या आजीची बोटे आयुष्यभर कापूस वेचून आणि निंदण करून घासली गेली आहेत, तिचा अंगठा यंत्रावर उमटत नाही आणि ती बँकेतून रिकाम्या हाताने परत येते. तिच्यासोबत जाणारे एक शिकलेले माणूस गाव नेमू शकते. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंचे काम पट घटल्यामुळे जाणार असेल, तर त्याच चुलीवर एकट्या राहणाऱ्या दहा म्हाताऱ्यांचे दुपारचे जेवण शिजू शकते. शाळेची रिकामी खोली कुलूप लावून ठेवण्यापेक्षा दिवसा त्यांना बसायला द्यावी. वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पैशांतून शौचालयाला पकडायचा दांडा आणि दाराशी उतार करायला किती खर्च येतो, हे ग्रामसेवकांना विचारून पाहा.

आणि सुरुवात याद्यांपासून करू या. तान्ह्या पोळ्याला कोणत्या घरातून नंदी आला हे इथल्या प्रत्येक बाईला तोंडपाठ आहे. तशीच, कोणत्या घरात साठीपुढचे माणूस एकटे राहते, त्याचे औषध कोण आणते आणि रात्री दाराची कडी कोण वाजवून जाते, याची यादी मला पुढच्या ग्रामसभेच्या आधी हवी आहे. वाचनालयाच्या टेबलावर मी एक कोरी वही ठेवली आहे. पहिल्या पानावर माझ्या आईच्या शेजारी राहणाऱ्या त्या काकूंचे घर मी लिहून ठेवले आहे, कारण आता त्याही एकट्या आहेत.