किमची हे लोणचं नव्हे

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘किमची लोणचं का नाही?’ किमची म्हणजे कोरियातला मीठ-मसाला लावून आंबवलेला कोबी. विषयावर येतेच. पण आधी मला जॉन्जूमधले दोन दिवस सांगू द्या, कारण उत्तर मला तिथं मिळालं.

जॉन्जू म्हणजे दक्षिण कोरियातलं जुन्या कौलारू घरांचं, बिबिम्बाप नावाच्या भाज्या घातलेल्या भाताचं शहर. मी तिथं शिकायला होते. पहिल्याच सत्रात आम्हा परदेशी विद्यार्थ्यांसाठी ‘संस्कृती अनुभव’ ठेवलेला. भाड्याचा हानबोक, म्हणजे तिकडचा पारंपरिक पोशाख, हातमोजे आणि प्रत्येकीसमोर अर्धा कोबी. तो आधीच खारवलेला, मसालाही आधीच कालवलेला. आम्ही तो पानांना फासला, फोटो काढले आणि पन्नास मिनिटांत हातात प्रमाणपत्र! मला त्याचा अजून राग येतो. पुरणपोळी शिकवते म्हणून पाहुणीला बोलवायचं आणि लाटलेली पोळी तेवढी तव्यावर टाकायला द्यायची, तसं झालं ते.

मग नोव्हेंबरच्या अखेरीस, मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहत होते त्या आजींकडे किमजांग निघालं. त्यांना मी ‘हालमोनी’ म्हणायचे. कुठल्याही वयस्क बाईला आजी म्हणायची रीत तिकडेही आहे. हिवाळ्यापूर्वी घरच्यांनी, शेजाऱ्यांनी मिळून सगळ्यांची किमची घालायची, ते किमजांग. 2013 साली युनेस्कोनं ते वारसा यादीत घेतलं. आजींना मात्र अंगणातल्या साठ कोबींची काळजी होती.

हा कोबी उभट, आपण चायनीज कॅबेज म्हणतो तो. बुडाशी सुरीनं चीर द्यायची आणि पुढं हातानं फाडायचा. आरपार कापला तर आतल्या कोवळ्या पानांचा चुरा पडतो. मग पानापानांत जाडं समुद्री मीठ, देठाकडे जास्त. संध्याकाळी कोबी टबांत गेले, आणि रात्री दोन वाजता आजींनी माझं दार वाजवलं. खालचे वर, वरचे खाली करायचे होते! थंडीनं बोटं बधिर झाली होती. सकाळी त्यांनी एक पान उचललं आणि पांढरा देठ वाकवला. तो मोडला नाही, ओल्या चामड्यासारखा वळला. ‘द्वेत्ता,’ म्हणाल्या. झालं.

मसाल्यात गोचुगारू, म्हणजे त्यांचं मिरचीचं जाडसर तिखट. मुळ्याचे लांब काप, लसूण, आलं, चिकट तांदळाच्या पिठाची पेज. आणि सेउजॉत. बरणी उघडली आणि मला वेंगुर्ल्याचा बाजार आठवला. तो खारवून मुरवलेला जवळाच होता! आपल्या जवळ्याच्याच कुळातला. किती घालायचा विचारलं, तर आजींनी मसाला माखलेलं पान माझ्या तोंडात घातलं. कोरियन भाषेत ‘सोनमात’ असा शब्द आहे, हाताची चव. ‘तिच्या हाताला चव आहे’ असं आपण म्हणतो ना, तेच अगदी.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर, लोणचं.

आपल्या कैरीच्या लोणच्यात मीठ, मोहरी, वर तेलाचा थर, हा सगळा खटाटोप जंतूंना अडवायला. किमचीत मीठ फक्त चाळणीचं काम करतं. सडवणारे जंतू मागं हटतात, लॅक्टिक आम्ल करणारे तग धरतात. कोबी-मुळ्यातली साखर खाऊन ते आंबटपणा आणतात, वायू सोडतात. म्हणून डबा गच्च भरायचा नाही. किमची ही इडलीच्या पिठाची बहीण आहे. मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्यांचं कुणी विचारेल. त्या जरा जवळ येतात, मान्य.

आणि किमचीला वय असतं. घातल्या दिवशी ती उकडलेल्या डुकराच्या मटणाबरोबर खातात, मुरली की भाताशी, फार आंबली की रश्श्यात, त्याला किमची-चिगे म्हणतात. हे वय हळूहळू वाढावं म्हणून पूर्वी मातीचे रांजण जमिनीत पुरत. आता घरोघरी किमचीचा वेगळा फ्रिज असतो. पण या सगळ्याची सुरुवात त्या मिठाच्या रात्रीत आहे. तीच वगळून आम्हाला किमची शिकवली, म्हणून माझा राग.

मागच्या टेबलावर दोन बरण्या ठेवल्या आहेत. एक परवाची, एक सहा आठवड्यांची. दोन्हींत जवळा आहे, शाकाहारींनी कृपया हात लावू नये. बाकीच्यांनी आधी ताजी चाखा, मग दुसरी. झाकण सावकाश उघडा.