आइड, आइट आणि एट

नमस्कार श्रोतेहो.

दुमाड चौकडीवर पाच मिनिटं थांबलं तरी समोरून दोन-चार टँकर जातात. वडोदऱ्याच्या आसपास रिफायनरी आहे, खताचा कारखाना आहे, नंदेसरीची औद्योगिक वसाहत आहे, त्यामुळे आपल्याला त्याचं नवल वाटत नाही. त्या टँकरवर एक पाटी असते, तिच्यावर रसायनाचं नाव आणि चार आकडी क्रमांक. 1830 म्हणजे सल्फ्युरिक आम्ल, 1005 म्हणजे अमोनिया, 1017 म्हणजे क्लोरीन. टँकर कलंडला, तर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे त्या पाटीवरूनच ठरतं. रसायनाचं नाव अचूक असण्याला एवढं मोल आहे.

आज मला नववी-दहावीच्या मुलांशी बोलायचंय, आणि त्यांच्या आईवडिलांशीही. घरात मराठी, शाळेत गुजराती नाहीतर इंग्रजी, अशी आपल्याकडच्या कितीतरी मुलांची रीत. माध्यम कुठलंही असो, रसायनशास्त्राच्या तासाला संयुगांची नावं आणि सूत्रं आली की घरी एकच सल्ला मिळतो, ‘पाठ करून टाक.’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही. पन्नास सूत्रं घोकलेलं मूल एक्कावन्नावं समोर आलं की अडतं. मूलकं, म्हणजे संयुगातले विद्युतभार असलेले अणू किंवा अणूंचे गट, आणि त्यांचे प्रभार, म्हणजे त्यांच्यावरचा अधिक किंवा उणे विद्युतभार, तेवढे पाठ करा. बाकीचं मांडता येतं.

आधी नाव बघू. धातू पुढे, त्याच्यामागे दुसरा भाग, आणि सगळी गंमत त्या दुसऱ्या भागाच्या शेपटात आहे. सल्फाइड म्हणजे नुसतं गंधक. सल्फाइट म्हणजे एका गंधकाबरोबर तीन ऑक्सिजन. सल्फेट म्हणजे एका गंधकाबरोबर चार. प्रभार तिघांचाही दोन उणे. आता तिघांनाही सोडियम जोडा. सोडियम सल्फाइड चामड्यावरचे केस काढायला वापरतात, त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. सोडियम सल्फाइट फोटो धुण्याच्या रसायनात असतं. आणि सोडियम सल्फेट धुण्याच्या पावडरीत भर म्हणून घालतात. शेपूट बदललं की पदार्थच बदलला. मात्र आइट म्हणजे तीन ऑक्सिजन असा नियम करून ठेवू नका, कारण नायट्राइटमध्ये दोन असतात आणि नायट्रेटमध्ये तीन. जोडीतल्या कुणाकडे ऑक्सिजन जास्त, एवढंच शेपूट सांगतं. जास्त असतो तो एटकडे.

आता सूत्र. हा सरळ जमाखर्च आहे. धन आणि ऋण प्रभार मिळून शून्य आलं पाहिजे. ॲल्युमिनियम तीन अधिक, सल्फेट दोन उणे. दोन ॲल्युमिनियम घेतले की सहा अधिक, तीन सल्फेट घेतले की सहा उणे. हिशेब मिटला. लिहायचं असं: ए एल, खाली 2, मग कंसात एस ओ, ओच्या खाली 4, कंस बंद, आणि कंसाबाहेर खाली 3. तो कंस विसरलात तर 4 आणि 3 शेजारी बसतात आणि वाचणाऱ्याला त्रेचाळीस ऑक्सिजन दिसतात! विरलेल्या चुन्याचंही तसंच. सी ए, कंसात ओ एच, बाहेर 2. कंस नसेल तर ऑक्सिजन एकच उरतो, आणि असा चुना जगात कुठे नाही.

आणखी एक. मॅग्नेशियम दोन अधिक, ऑक्साइड दोन उणे, म्हणून मुलं दोन्हीखाली 2 लिहितात. तिथे भाग देऊन एकास एक करायचं. पण हायड्रोजन पेरॉक्साइडला, म्हणजे एच टू ओ टूला, हा भाग देऊ नका, त्यात ऑक्सिजनचे दोन अणू जोडीनेच असतात. मर्क्युरस क्लोराइडलाही नाही. त्यात पाऱ्याचे दोन अणू जोडीनेच असतात. पूर्वीचे डॉक्टर ते कॅलोमेल या नावाने जुलाबाचं औषध म्हणून देत. मर्क्युरिक क्लोराइड मात्र जहाल विष. ‘अस’ म्हणजे धातूचा कमी प्रभार, ‘इक’ म्हणजे जास्त, आणि दोघांत तेवढं अंतर आहे. हा घोळ नको म्हणून जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांनी 1919 मध्ये नावातच धातूचा प्रभार सांगणारा रोमन आकडा घालायची पद्धत सुचवली. आयर्न दोन, आयर्न तीन, असं आज तुमच्या पुस्तकात येतं ते त्यातलंच.

नावांची ही शिस्त 1787 मध्ये पॅरिसला रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी घालून दिली. अक्षरांची चिन्हं त्यानंतरची, स्वीडनच्या बर्झेलियस यांची. त्यांनी लॅटिन नावं धरली, म्हणून सोडियमला एन ए आणि लोखंडाला एफ ई. आपल्या गावात सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं. त्रिभुवनदास गज्जर तिथले पहिले प्रमुख, आणि तिथे कापड रंगवण्याचं शास्त्र शिकवलं जाई. रंगाऱ्याच्या हातात तुरटी आणि हिराकस पिढ्यानपिढ्या होतेच. सूत्रामुळे त्यांच्या आत काय आहे ते कळलं.

मोरचूदच घ्या, म्हणजे कॉपर सल्फेट. निळेशार खडे. सूत्रात सी यू एस ओ फोर, मग मध्ये एक टिंब, मग पाच एच टू ओ. त्या टिंबाकडे मुलं बघतसुद्धा नाहीत. शाळेच्या प्रयोगशाळेत, बाईंच्या देखरेखीखाली, चिमूटभर मोरचूद परीक्षानळीत तापवा. निळा रंग उडतो, पांढरी भुकटी राहते, आणि नळीच्या वरच्या थंड काचेवर पाण्याचे थेंब जमतात. भुकटी निवल्यावर एक थेंब पाणी टाका, पुन्हा निळी! दिसायला कोरड्या असलेल्या अडीचशे ग्रॅम मोरचुदात जवळपास नव्वद ग्रॅम पाणी असतं, आणि ते सगळं त्या टिंबापुढे लिहिलेलं आहे.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर आता एक सूत्र तुम्ही मांडा. कॅल्शियम दोन अधिक, फॉस्फेट तीन उणे. फॉस्फेट म्हणजे पी ओ फोर. आधी बेरीज शून्य करा, मग कंस कुणाला लागतो ते बघा.

नमस्कार.